बीटल्स १९६७ साली जन्मले नाहीत

१/ मित्रांचा दावा असा की, बीटल्सची १९६३-६४ची गाणी निव्वळ पोरकट पॉप. खरे बीटल्स ‘सार्जंट पेपर’पासूनचे. हा उघड कालविपर्यास आहे.

२/ ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमध्ये त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एकाच दिवसात ध्वनिमुद्रित केली. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र गाऊन कमावलेली ही तयारी पोरखेळ कशी?

३/ सप्टेंबर १९६४मध्ये जॅक्सनव्हिलला, कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसवल्यास आम्ही गाणार नाही, असे याच ‘पोरकट’ चौघांनी बजावले.

४/ शब्द साधे होते, हे मान्य. परंतु साधेपणाला उथळपणा ठरवणे हा इतिहास नव्हे, आळस होय. कळसाला हात जोडणाऱ्यांनी पाया नाकारू नये.