'समजलं का?' असं विचारू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि आरोग्य सेवा आयुक्त, महाराष्ट्र राज्य



प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. बाहेर रांग, आत कात्री. पट्टी कापून गोळ्या द्यायच्या आणि म्हणायचं, "सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. समजलं का?" समोरची मान हलायची, मी पुढचा केसपेपर ओढायचो.

त्या कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव असेलच असं नाही. मुदतीची तारीख तर बहुधा माझ्याकडच्या तुकड्यावर राहायची. चिठ्ठीवर इंग्रजीत 'बीडी', म्हणजे दिवसातून दोनदा. नातवाकडून ते वाचून घेतलेले एक आजोबा चक्रावून परत आले. "बिडी तर डॉक्टरांनीच सोडायला लावली की!" आम्ही हसलो. हसायला नको होतं.

रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्या एका मावशींना एकदा, गर्दी नव्हती म्हणून, विचारलं, "ही गोळी कशी घेता, सांगा बरं." म्हणाल्या, "डोकं दुखलं की घेते. बरं असताना उगाच कशाला?" वर्षभर त्या मान हलवत होत्या! रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. त्यांनी शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही, एवढं एक वाक्य राहून गेल्यामुळे किती गरोदर बायांच्या गोळ्या फडताळात पडून राहिल्या असतील कोण जाणे.

एका केंद्रामागे सपाटीला 30 हजार लोक, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20 हजार, हा निकष. तेव्हा गर्दीची सबब खोटी नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादकौशल्य आलं, तेही बरंच झालं. पण रुग्ण शेवटचं वाक्य ऐकतो ते खिडकीवर. तिथे मला ते कुणी शिकवलं नाही.

दुकानांच्या पाट्या मराठीत व्हाव्यात म्हणून आपण 2022 मध्ये कायदा बदलला. गोळ्यांसाठी एक परिपत्रक पुरेल. प्रत्येक औषध कागदी पाकिटात, वर सूर्य-चंद्राचा शिक्का आणि मराठीत दोन ओळी. मेळघाटात खिडकीशी कोरकू बोलणारं कुणीतरी हवं, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारं. आणि 'समजलं का?' बंद करून विचारायचं, "घरी गेल्यावर कशी घेणार, सांगा." अर्धा मिनिट लागतो.

एका तालुक्यात सहा महिने करून पाहा. पाकिटांवर शिक्के मारायला माणूस कमी पडला, तर मी येतो.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी