दाराच्या फटीतला नगरसेवक

खरं सांगा हं. महापालिकेचा निकाल लागल्यावर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं ते गुळगुळीत पत्रक तुम्ही वाचलंत? की पिझ्झाच्या मेन्यूकार्डाबरोबर थेट रद्दीत?

उत्तर मला ठाऊक आहे. पत्रकाचं रूपडंही तसंच असतं म्हणा. वर पक्षाचे पाच-सहा नेते पासपोर्ट साइझमध्ये, मध्ये हात जोडलेले आपले नगरसेवक (नगरसेविका असतील तर शेजारी त्यांचे यजमानही, का ते विचारू नका), खाली ‘आपला नम्र’ आणि दोन-तीन मोबाइल नंबर. उरलेल्या जागेत बारीक टायपात मजकूर. तो मजकूर कुणी वाचत नाही. माझं म्हणणं एवढंच की या खेपेला तो वाचा. कारण हा कागद जवळजवळ चार वर्षांच्या गॅपनंतर आलाय.

थोडी उजळणी करू या. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि सगळे नगरसेवक माजी झाले. पुढची निवडणूक काही लागेना. ओबीसी आरक्षणाचा घोळ, वॉर्ड २२७ ठेवायचे की २३६ करायचे याचा घोळ, मग कोर्टाच्या तारखा. शेवटी ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घ्या म्हणून बजावलं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान, दुसऱ्या दिवशी निकाल. भाजप ८९, उद्धव ठाकरेंची शिवसेना ६५, एकनाथ शिंदेंची २९, काँग्रेस २४. हे आकडे तुम्ही टीव्हीवर पाहिलेत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्यावर वादही घातलेत. त्याआधीच्या चार वर्षांवर मात्र कुणी वाद घालताना दिसत नाही.

त्या काळात मुंबई प्रशासक चालवत होते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन बजेटं त्यांनीच मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी रुपये. देशातल्या काही छोट्या राज्यांचं बजेट एवढं नसतं. आता कल्पना करा, तुमच्या ऑफिसात एखाद्यानं स्वतःचं ट्रॅव्हल बिल स्वतःच भरलं आणि स्वतःच पास केलं. अकाउंट्सवाले काय म्हणतील? तो माणूस प्रामाणिक आहे की नाही, हा मुद्दाच नाही. दुसरी सही कुठाय, एवढंच विचारतील.

ही दुसरी सही नसल्याचा फटका तुमच्या पाकिटालाही बसलाय. ९ मे २०२५ पासून बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांचं १० झालं, एसीचं ६ चं १२. थेट दुप्पट! दादर स्टेशनाबाहेर सकाळी बसच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी थोडी कुरकुर केली आणि पुढच्या आठवड्यात सवय करून घेतली. एरवी असा प्रस्ताव बेस्ट समितीत येतो, मग महापालिकेच्या सभागृहात. तिथे विरोधक बोंब मारतात, फलक फडकावतात, सभात्याग करतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून येतं. नगरसेवक असते तर भाडेवाढ थांबली असती का? बहुधा नसती, बेस्टच्या तिजोरीत खडखडाट आहे हे खरंच आहे. पण ती दोन टप्प्यांत करा, रोजच्या पासवाल्यांना वगळा, असं म्हणायला निवडून आलेलं कुणी तिथे हवं होतं. ते नव्हतं.

तर, पत्रक. हे वाचायची माझी एक पद्धत आहे. फोटो सोडा, विशेषणं सोडा. फक्त क्रियापदं बघा.

‘लादीकरण केले’, ‘गटाराची दुरुस्ती केली’, ‘एलईडी दिवे बसवले’. ही सरळ क्रियापदं. काम महापालिकेचं, पैसा महापालिकेचा, नगरसेवकानं ते आपल्या गल्लीकडे वळवलं. श्रेय द्या, हक्काचं आहे. फक्त खाली उतरून लादी खरंच बसली आहे का ते एकदा बघा. ‘मंजूर करून घेतले’ म्हणजे कागद हलला, फावडं अजून हललेलं नाही. ‘मार्गी लावले’ म्हणजे कागद नेमका कुठे आहे ते सांगायचं नाहीये. आणि मग येतं मराठी राजकारणातलं सर्वांत लाडकं क्रियापद: ‘पाठपुरावा सुरू आहे’. हे दिसलं की समजावं, हे काम यांच्या हातात नाही. ‘प्रयत्नशील आहोत’ त्याच्याही पलीकडचं. तिथे बहुधा कुणाच्याच हातात नाही.

यात फसवाफसवी असतेच असं नाही. मुंबईत कुठली गोष्ट कुणाची, हे कळायला वेगळी डिग्री लागेल अशी अवस्था आहे. परळचंच बघा. केईएम महापालिकेचं, २०२६ हे त्याचं शताब्दी वर्ष. तिथून चालत काही मिनिटांवर टाटा हॉस्पिटल, ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. बाजूलाच वाडिया, ते ट्रस्टचं. हाफकिन राज्य सरकारचं. एकाच बसस्टॉपवर उतरून चार वेगळ्या मालकांच्या दारात जाता येतं. केईएमच्या ओपीडीच्या रांगेबद्दल नगरसेवकाला धारेवर धरणं बरोबर, टाटाच्या रांगेबद्दल त्याच्याशी भांडून काही उपयोग नाही.

किंवा एल्फिन्स्टनचा पूल घ्या. १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तो गाड्यांसाठी बंद झाला आणि परळहून प्रभादेवीला जाणं म्हणजे टिळक पूल नाहीतर करी रोड असा फेरा होऊन बसला. बंद का केला? शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी. तो कुणाचा? एमएमआरडीएचा. खाली रूळ कुणाचे? रेल्वेचे. राहायला अडचण झाली ती आपली, मतं मागायला येणार ते नगरसेवक. त्यांच्या पत्रकात पुलाबद्दल ‘पाठपुरावा’ येणार नाही तर दुसरं काय येणार! त्याच स्टेशनाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तो पूल रेल्वेचा होता. पण ती माणसं ज्या ऑफिसांकडे निघाली होती, त्या ऑफिसांच्या टॉवरना परवानग्या देणारे दुसरे, त्या गर्दीला वाट करून देण्याची जबाबदारी तिसऱ्यांची. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि जिने तेच राहिले, याचा हिशेब एकाच टेबलावर मांडायला कुणीही बसलं नव्हतं.

घरांचंही तेच. बीडीडी चाळी म्हाडा बांधतेय. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. लालबाग-गिरगावातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्तीही म्हाडाच्याच मंडळाकडे. गिरगावातली मेट्रो तिसऱ्याच कंपनीची. म्हाडा, एमएमआरडीए ही राज्य सरकारची मंडळं, त्यामुळे तो प्रश्न आमदाराला विचारायचा. नगरसेवकाला नाही.

मग वाटेल, महापौर तरी? मध्य मुंबईनं महापौर कमी दिलेत का! दादरच्या विशाखा राऊत, परळच्या श्रद्धा जाधव, लोअर परळच्या किशोरी पेडणेकर. मान मोठा, बंगला शिवाजी पार्कला (तो बाळासाहेब ठाकरेंच्या स्मारकाला दिला गेला, ते सोडा). पण चेकबुक महापौरांकडे नसतं. १८८८ चा कायदा अजून चालतोय आणि त्यात कारभाराची चावी आयुक्तांकडे आहे. आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे आपण २२७ जण निवडून देतो आणि गाडी चालवायला ड्रायव्हर मंत्रालयातून येतो.

जरा लांबचं उदाहरण देतो, म्हणजे फरक दिसेल. ब्रिटनमधलं वेल्स. वस्ती साधारण ३१ लाख, म्हणजे मुंबईच्या पाव. १९९९ पासून त्यांचं स्वतःचं विधिमंडळ आहे, कार्डिफमध्ये. हॉस्पिटलं, शाळा हे सगळं तिथूनच चालतं. २००७ च्या मे महिन्यात तिथे निवडणूक झाली, ६० पैकी २६ जागा घेऊन लेबर पक्ष बहुमताच्या अलीकडे अडकला आणि प्लाइड कम्री या वेल्श पक्षाशी आघाडी व्हायला जुलै उजाडला. चर्चा, करार, रुसवेफुगवे, सगळं आपल्यासारखंच. फरक एवढाच की आघाडी जमल्यावर कारभार करणारे मंत्री त्या ६० जणांतूनच निघाले. तिथला प्रतिनिधी मतदाराला ‘आमच्या सरकारनं हे ठरवलं’ असं लिहू शकतो. आपला लिहितो, ‘आयुक्तांना निवेदन दिले’. निवेदन देतानाचा फोटोही असतो. आणि वेल्समध्ये ६० माणसं कमी पडतात म्हणून २०२४ च्या कायद्यानं संख्या ९६ केली!

म्हणजे नगरसेवक बिचारे काहीच करू शकत नाहीत? छे, एवढं सोपं सर्टिफिकेट त्यांना देऊ नका. ठरावीक रकमेपुढची कंत्राटं स्थायी समितीतून जातात. जमिनी आणि आरक्षणांचे विषय सुधार समितीत येतात, आणि ज्या भागात गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उगवले तिथे सुधार समितीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शिक्षण समिती आहे, बेस्ट समिती आहे. आपले नगरसेवक यातल्या कुठल्या समितीत आहेत, हे पत्रकात शोधा. नसेल लिहिलं तर फोन करून विचारा, नंबर दिलेलेच आहेत. आणखी एक पाहायचं: सभागृहात त्यांनी विचारलं काय? ‘प्रजा फाउंडेशन’ नावाची संस्था नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढत आलीय. त्यात वर्षानुवर्षं एक गंमत दिसायची. प्रश्नांमध्ये रस्त्यांची आणि चौकांची नावं बदलण्याचे विषय भरपूर. पाणी कमी दाबानं येतंय, ते राहू द्या, आधी चौकाला नाव देऊ!

आणि सगळ्यांत जवळचं म्हणजे प्रभाग समिती. इथे वॉर्ड या शब्दाचा घोळ आधी सोडवतो. निवडणुकीचा वॉर्ड आकड्याचा, ऑफिसचा वॉर्ड अक्षराचा. दादर पश्चिम जी नॉर्थ, त्याचं ऑफिस प्लाझाच्या मागे. लोअर परळ-प्रभादेवी जी साउथ. परळ-लालबाग एफ साउथ. गिरगावचा बराचसा भाग डी, ऑफिस नाना चौकात, पण ठाकूरद्वाराकडच्या काही गल्ल्या सी मध्ये. त्या भागातले नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिसर प्रभाग समितीत एकत्र बसतात. तुमच्या गल्लीतला नाला, फुटपाथ, कचऱ्याची गाडी, हे विषय तिथले. चार वर्षं या समित्याही नव्हत्या. तेव्हा १९१६ ला फोन लावायचा, तक्रार नंबर घ्यायचा आणि ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज वाचत त्याच तुंबलेल्या गटारावरून उडी मारायची, एवढंच उरलं होतं. शिवाय २००९ साली राज्यानं कायद्यात क्षेत्र सभा आणली. भागातल्या मतदारांनी एकत्र जमायचं आणि नगरसेवकानं अध्यक्ष व्हायचं. म्हणजे पत्रक फटीतून सरकवण्याऐवजी समोर उभं राहून हिशेब द्यायचा. तुमच्याकडे अशी सभा झाल्याचं आठवतंय? सत्यनारायणाचं आमंत्रण नक्की आलं असेल.

लालबागला आमच्या ओळखीचे एक काका आहेत. गिरणी संपात नोकरी गेली, मग मिळेल ते काम करत मुलं मोठी केली. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी गेल्या कित्येक निवडणुकांची पत्रकं जपून ठेवली आहेत, लाल पेननं खुणा केलेली. त्यांच्या चाळीमागच्या ड्रेनेज लाइनचा प्रवास त्या ट्रंकेत दिसतो: आधी ‘प्रयत्नशील’, मग ‘पाठपुरावा’, मग ‘मंजूर’, मग पुन्हा ‘पाठपुरावा’. पक्ष बदलले, लाइन तीच. त्यांचा मुलगा बीकेसीत नोकरीला, त्याला हा सगळा प्रकार म्हणजे बाबांचा टाइमपास वाटतो. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी आलं की त्याची बाइक मात्र बुडते.

परवा चाळीत नव्या नगरसेवकांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, भाषण. भाषण संपल्यावर काका पुढे गेले. आधी त्यांनी अभिनंदन केलं, मग विचारलं,

“साहेब, स्थायी समितीत आहात का?”

“नाही हो काका. यंदा काही जमलं नाही.”

“बरं. प्रभाग समितीत तर असालच?”

“असणारच की!”

“मग पुढची बैठक कधी आहे, तेवढं सांगा. आमचा विषय त्यात घ्या, आणि मला पत्र द्या तसं.”

नगरसेवकांनी पीएकडे पाहिलं, पीएनं मोबाइलमध्ये. काकांनी तोवर भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून घेतलं होतं आणि खिशातून लाल पेन काढलं होतं.