सराव जिंकण्यासाठी नसतो

“डॉक्टर, नुसतं डोकं दुखतंय. उद्या रिंगमध्ये उतरू ना?” चिंचपोकळीच्या माझ्या दवाखान्यात एका सतरा वर्षांच्या मुष्टियोद्ध्याने विचारले. आदल्या संध्याकाळी सरावाच्या लढतीत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी साफ ‘नाही’ म्हटले.

सरावात शिकायचे असते. ठोसा मारून हात लगेच हनुवटीशी परततो का, पाय एका जागी खिळतात का, हे पाहायचे. त्याला निम्मा जोर पुरतो. ‘आज फक्त जॅब आणि बचाव’ असे ठरवून तीन मिनिटे खेळल्यास डावपेच अधिक उमगतात.

हेडगार्ड जरूर घालावे. पण त्याने कातडी फुटणे टळते, मेंदूचे हादरणे नाही. २०१३ साली वरिष्ठ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी लढतींतून ते काढूनही टाकले गेले.

ठोशानंतर भोवळ, मळमळ, डोकेदुखी, विसराळूपणा यांपैकी काहीही जाणवल्यास सराव तिथेच थांबवावा. डोकेदुखी वाढली, वारंवार उलट्या झाल्या किंवा गुंगी आली, तर थेट इस्पितळ गाठावे. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा ग्लोव्हज चढवू नयेत. मेंदू सावरण्याआधीच बसलेला दुसरा ठोसा जिवावर बेतू शकतो.

प्रशिक्षकांनो, पोराला ‘मार’ म्हणता, तसे वेळीच ‘बस’ही म्हणा.