विश्लेषण: कासच्या फुलांचा फोटो ‘एक नंबर’, पण तो काढला कसा, हे कोण विचारणार?

पावसाळा सरत आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हौशी छायाचित्रकारांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि इन्स्टाग्राम पाने फोटोंनी भरून जातात. कासची फुले, ठोसेघरचा धबधबा, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, मायणीच्या तलावावरचे पक्षी असे विषय ठरलेले असतात. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात: ‘अप्रतिम’, ‘लय भारी’, ‘एक नंबर’. मात्र फोटो कसा दिसतो याबरोबरच तो कसा काढला, हा प्रश्न आता महत्त्वाचा होऊ लागला आहे. त्यामागे काही ठोस कारणे आहेत.

कासवर फोटोमुळे नेमके काय बिघडते?

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. जांभ्या खडकाच्या या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. याच थरावर पावसाळ्यात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशी फुले येतात. यांपैकी बऱ्याच वनस्पती वर्षायू आहेत. म्हणजे त्या एकाच हंगामात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि मरतात. बी तयार होण्यापूर्वीच रोप पायाखाली आले, तर त्या जागी पुढच्या वर्षासाठी बी पडत नाही. शिवाय सतत तुडवल्याने माती घट्ट होते आणि पाणी मुरण्याची पद्धत बदलते.

सीतेची आसवे जेमतेम बोटभर उंचीची असतात. त्यांचा जवळून फोटो घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात, अनेकदा आडवे व्हावे लागते. एका माणसाने एकदा असे केले तर फारसे बिघडत नाही. पण त्या फोटोला भरपूर लाइक मिळाले, की तसाच फोटो हवा म्हणून दुसरे शंभर जण त्याच कोपऱ्यात उतरतात. वन विभाग आणि स्थानिक गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने गर्दी आवरण्यासाठी प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा असे उपाय केले. मात्र पायवाट सोडून कोण कुठे पाऊल ठेवतो, हे दर क्षणी पाहणे कोणत्याही समितीला शक्य नाही.

फुलांचा ‘गालिचा’ खरा की कॅमेऱ्याची करामत?

दोन्ही. पठारावर फुले दाट येतात हे खरे. पण फोटोत दिसणारी सलग चादर बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या कोनातून आलेली असते. कॅमेरा जमिनीलगत धरला की पुढची फुले मागच्या मोकळ्या जागा झाकतात. त्यात झूम लेन्स लांबून वापरली, तर दूरदूरची फुले एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांना त्याच जागी फुले, खडक आणि चिखल असे तुकडे दिसतात.

यात फसवणूक नाही, ते छायाचित्रणाचे तंत्र आहे. अडचण पुढे होते. फोटो पाहून आलेल्या पर्यटकाला पायवाटेवरून तो गालिचा सापडत नाही. मग तो ‘खरी फुले’ शोधत आत शिरतो. वास्तविक तो प्रसिद्ध फोटो अनेकदा वाटेवरूनच, खाली बसून काढलेला असतो. फोटोखाली एवढी एक ओळ लिहिली, तरी पाहणाऱ्याला आत जाण्याची गरज नसल्याचे कळते.

रंगांचेही तसेच आहे. जांभळा रंग कॅमेऱ्यात पुष्कळदा निळसर उतरतो. तो मूळ रंगाकडे आणण्यासाठी केलेले संपादन चूक म्हणता येणार नाही. मात्र पिवळ्या सोनकीचे उतार केशरी करणे किंवा दुसऱ्या दिवशीचे आभाळ चिकटवणे ही वेगळी गोष्ट. ते चित्र म्हणून छान असेल. कासची नोंद म्हणून त्याचा उपयोग उरत नाही.

घरट्याच्या फोटोबद्दल कायदा काय सांगतो?

फुलांपेक्षा पक्ष्यांच्या बाबतीत जोखीम मोठी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, तसेच त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे, हेही त्या व्याख्येत येते. त्यामुळे ‘फक्त फोटो काढला’ हा बचाव दरवेळी पुरेसा ठरेलच असे नाही.

व्यवहारात काय होते, ते पाहू. पिले नीट दिसावीत म्हणून घरट्यासमोरच्या डहाळ्या बाजूला केल्या किंवा तोडल्या जातात. त्याने पिलांवर थेट ऊन येते आणि कावळे-शिक्र्यांना घरटे दिसू लागते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावले, तर नर आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून अंगावर धावून येतो. फोटो झकास मिळतो. पण तेवढा वेळ त्याचे खाणे किंवा पिलांना भरवणे थांबलेले असते.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा संरक्षित क्षेत्रात छायाचित्रणासाठी वन विभागाची परवानगी लागते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे उदाहरणही बोलके आहे. नागपंचमीला जिवंत नाग पकडण्याच्या प्रथेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंदी आली. पुढे २०२५ मध्ये केंद्राने मोजक्या लोकांना अभ्यासाच्या कारणासाठी अटींसह परवानगी दिली. हातात नाग धरलेला फोटो ग्रुपवर आला, तर तो परवानगीतला आहे की बाहेरचा, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून पुढे पाठवण्याआधी विचारणे बरे.

लोकेशन टाकावे की टाकू नये?

‘कुठला आहे हा?’ हा ग्रुपवरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. आयर्विन पुलाच्या फोटोला उत्तर देण्यात काहीच हरकत नाही. पण कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ, कंद असलेली वनस्पती किंवा घुबडाचे घरटे असेल, तर नेमके ठिकाण सांगणे म्हणजे गर्दीला आणि प्रसंगी चोरट्यांना वाट दाखवणे.

जैवविविधतेच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळाने त्यावर तोडगा काढला आहे. धोक्यातील प्रजातीचा फोटो टाकला की नेमका बिंदू आपोआप झाकला जातो आणि साधारण २० किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी खूण दिसते. अभ्यासासाठी नोंद राहते, पण अनोळखी माणसाला पत्ता मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला तर त्यातील लोकेशनची माहिती निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती फाइलसोबत जाऊ शकते. दर्जा टिकावा म्हणून अनेक ग्रुपवर डॉक्युमेंटचाच आग्रह असतो. ही बाब त्यामुळे लक्षात ठेवायला हवी.

एकमेकांचे फोटो तपासण्याची पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. मुंबईत १८५४ मध्येच बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी एक. या मंडळींच्या आश्रयाने ‘द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे प्रकाशन १८५६ पासून निघू लागले. हौशी लोकांनी आपले फोटो एकत्र मांडावेत, ही कल्पना इतकी जुनी आहे. पुढे कॅमेरा क्लब आले, छापील फोटोंची प्रदर्शने आली, परीक्षकांचे गुण आले. क्लबमध्ये फोटो समोर ठेवून चारचौघांत बोलावे लागे, त्यामुळे कौतुकाला कारणही द्यावे लागे. अंगठ्याच्या एका स्पर्शाने दिलेल्या लाइकला असे कारण लागत नाही. बदल झाला तो इथे.

जगात असे प्रसंग आले आहेत का?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चा विजेता फोटो फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा होता. लांडगा पाळीव असल्याचा संशय इतर छायाचित्रकारांनी घेतला आणि २०१० मध्ये आयोजकांनी पुरस्कार काढून घेतला. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेतील मुंगीखाऊचा विजेता फोटो बाद झाला. त्यातील प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. पहिल्या प्रकरणात परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट समव्यवसायींच्या नजरेत आली, हे महत्त्वाचे.

कासशी जवळचे उदाहरण कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर या गावाचे. २०१९ मध्ये तिथल्या टेकड्यांवर केशरी पॉपी बहरल्या. समाजमाध्यमांवरील फोटो पाहून एवढी गर्दी लोटली, की प्रशासनाला वाट काही काळ बंद करावी लागली. २०२३ मध्ये बहर पुन्हा येणार असे दिसताच ती आधीच बंद करण्यात आली. म्हणजे काही जणांच्या बेफिकिरीची किंमत सगळ्यांनी मोजली.

मग टीका करायची तरी कशी?

सगळ्यांसमोर ‘खोटा आहे’, ‘फूल तुडवलेस’ असे लिहिले की नवखा माणूस फोटो टाकणेच बंद करतो, किंवा तसेच फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकतो. प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरते. वाटेवरून काढला का? लेन्स कोणती, अंतर किती? आवाज वाजवला होता का? आभाळ त्याच दिवशीचे आहे का? शंका असेल तर मूळ, असंपादित फाइल मागता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे वाढत असताना हा साधा उपाय कामी येतो. ग्रुपचे अ‍ॅडमिन आणखी एक गोष्ट करू शकतात. घरट्याचे फोटो स्वीकारायचे नाहीत, असा नियम काही निसर्ग छायाचित्रण स्पर्धांनी केला आहे. तोच नियम ग्रुपवर लावता येतो.

माणसांच्या फोटोंनाही हेच लागू होते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे जाते तेव्हा कॅमेऱ्यांची रांग लागते. थकून झोपलेल्या वारकरी आजींचा फोटो ‘भावस्पर्शी’ म्हणून फिरतो. त्यांना विचारले होते का, हा प्रश्न रचनेइतकाच छायाचित्राच्या समीक्षेचा भाग आहे.

हौशी छायाचित्रकारांना दोष देणे कितपत योग्य?

सरसकट दोष देणे चुकीचे ठरेल. कासची ओळख राज्याबाहेर पोहोचवण्यात फोटोंचा वाटा मोठा आहे. पर्यटनातून परिसरातील गावांना रोजगार मिळतो. कोणते फूल कोणत्या आठवड्यात, कुठे उमलले याच्या वर्षानुवर्षांच्या तारखेसह नोंदी अभ्यासकांना उपयोगी पडतात आणि त्या हौशी लोकांकडेच सर्वाधिक असतात.

शिवाय गर्दीचे नियोजन, वाहनतळ, पायवाटा ही कामे प्रशासनाचीच आहेत. पठारावर कुंपण असावे की नसावे, यावर मतभेद आहेत, आणि तो प्रश्न ग्रुपवर सुटणारा नाही. पण कोणत्या फोटोला दाद मिळते, हे मात्र ग्रुपवरच ठरते. फुलांमध्ये आडवे पडून काढलेल्या फोटोऐवजी वाटेवरून संयमाने काढलेल्या फोटोला दाद मिळू लागली, तर पुढच्या हंगामात नवखे कॅमेरे कुठे उभे राहतील, यात फरक पडू शकतो. त्यासाठी नवा नियम लागत नाही. ‘एक नंबर’ लिहिण्याआधी ‘कसा काढला?’ एवढे विचारावे लागते.