ओढ्याची वाट ओढ्याला द्या

पूर म्हटला की पुणेकरांस पानशेत आठवते. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून मुठेने काठच्या पेठांची जी दैना केली, ती विसरण्याजोगी नाही. परंतु त्या आठवणीने संकट यावयाचे ते नदीकडूनच, असा एक समज रुजविला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीने तो खोटा ठरविला. कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर या भागांतील घरांत शिरला. शहर व जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. धरण मात्र कोठलेही फुटले नव्हते.

सह्याद्रीच्या पायथ्याचे, पण पर्जन्यछायेच्या कडेचे हे शहर. वर्षाकाठचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. त्यामुळे ओढ्यांतून बहुतेक दिवस सांडपाणीच वाहते. लोक त्यांस नाला म्हणू लागतात आणि काठची जमीन मोकळी वाटू लागते. पण ओढ्याची रुंदी उन्हाळ्यातील धारेवरून मोजावयाची नसते. ती एखाद्याच रात्री येणाऱ्या लोंढ्यावरून मोजावयाची असते. टेकड्या फोडल्या, उतारावर काँक्रीट झाले, तेव्हा मुरणारे पाणी धावू लागले. खाली पात्र राडारोड्याने आवळलेले आणि मोऱ्या गाळाने भरलेल्या. मग पाण्याने घरांतून वाट काढली, यात नवल ते काय? धरणातून पाणी सोडताना काठच्या लोकांस इशारा तरी मिळतो. ओढ्याचा लोंढा सांगून येत नाही.

पेशवाईत याच ओढ्यावर कात्रजला तलाव झाला. हेतू पिण्याच्या पाण्याचा होता. तरी पाणी वरच अडवावे, हा त्यातील धडा आजही खरा आहे. आज आपला भर आहे तो सीमाभिंतींवर. पात्र अरुंद ठेवून बांधलेली भिंत एका सोसायटीस वाचविते आणि तेच पाणी अधिक वेगाने खालच्या वस्तीवर लोटते.

अतिक्रमणाचा विषय निघाला की पहिला हातोडा झोपडीवर पडतो. जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळील घरे पाडण्यास प्रारंभ झाला. न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हाच ते थांबले. काठ मोकळा झाला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गरिबांस आधी जवळपास पक्के छप्पर द्यावे, आणि ज्या मापाने झोपडी मोजली त्याच मापाने भरावावरील इमारतही मोजावी.

महापालिकेस आमचे सांगणे थोडकेच आहे. नदीप्रमाणे प्रत्येक ओढ्याची पूररेषा जागेवर आखून जाहीर करावी. तिच्या आत भराव घालू देऊ नये. मोऱ्या रुंद कराव्यात, टेकड्यांचे उतार मोकळे ठेवावेत, आणि डोंगरावरील पर्जन्यमापकाची खबर खालच्या वस्तीत भोंग्याने पोहोचेल अशी व्यवस्था करावी. सुशिक्षित नागरिकांनीही सदनिका घेताना तिच्याखालून पूर्वी काय वाहत होते, हे एकदा विचारावे. माणसे नकाशावरील रेषा पुसू शकतात. डोंगरावरून उतरणारे पाणी ती मानीत नाही.