टाचदुखी आणि तुंबडी

दिवसभर दुकानातील कठीण फरशीवर उभे राहणाऱ्यांना टाचदुखी नवी नाही. सकाळी उठल्यावर टाकलेले पहिलेच पाऊल कळ देते. कारण टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा दुखावलेला असतो.

यावर सध्या ‘कपिंग’चा बोलबाला आहे. उपचार मात्र जुनाच. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग व भोपळा सांगितला आहे. आपल्याकडे त्यालाच तुंबडी लावणे म्हणतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावरील वर्तुळांमुळे तो जगभर चर्चेत आला. पेल्यातील हवा काढल्याने त्वचा वर ओढली जाते व तेथे रक्त उतरते. काहींना त्यामुळे तात्पुरता आराम पडतो.

जमेची बाजू एवढीच. खर्चाची बाजू मधुमेही वाचकांनी विशेष पाहावी. तळव्याची संवेदना मंदावली असेल, तर भाजलेले कळत नाही आणि लहानशी जखमही चिघळू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याविना या वाटेला जाऊ नये.

पोटरी व तळवा ताणण्याचा नित्य व्यायाम, मऊ तळाची पादत्राणे आणि धीर, ही गुंतवणूक अधिक सुरक्षित होय. बहुतेकांची टाच त्यानेच काही महिन्यांत बरी होते.