फिल्टरमधून गळलेली मुलं

शिक्षक मित्रांनो, शिष्यवृत्तीची यादी मागवली की आपण सगळे एकच करतो. एक्सेलची फाइल उघडायची, प्रवर्गाच्या रकान्याला फिल्टर लावायचा, आलेली नावं कॉपी करायची आणि पाठवून मोकळं व्हायचं. पाच मिनिटांचं काम. पण त्यात एखादं मूल गळलं तर एक्सेल काही ओरडत नाही. चुकीचं नाव आलं तर कुणाच्या तरी लक्षात येतं. न आलेलं नाव कुणाला दिसणार?

मग आपण म्हणतो, "मराठीत फिल्टर नीट चालतच नाही." मला हे पटत नाही. फिल्टर अक्षरं जुळवतो, अर्थ त्याला कळत नाही. एका वर्गशिक्षकांनी 'इमाव' लिहिलं, दुसऱ्यांनी 'ओबीसी', तिसऱ्यांनी 'ओ.बी.सी.', तर आपल्या दृष्टीने प्रवर्ग एक, त्याच्या दृष्टीने तीन. 'शिंदे' आणि 'शिन्दे' यांचंही तेच.

हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. खरा घोळ न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं 2008 साली. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र द्यायचा, आणि आजही काही कीबोर्ड तसंच करतात. पडद्यावर दोन्ही सारखीच, आत मात्र एकीकडे एक चिन्ह, दुसरीकडे दोन. 'कऱ्हाडे'मधला 'ऱ्ह'सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. शंका आली तर शेजारच्या रकान्यात 'लेन' हे सूत्र लावा. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांची लांबी वेगळी आली की चोर सापडला!

पोर्टलवरून उचललेल्या मजकुरात आणखी एक पाहुणा येतो: न तुटणारी मोकळी जागा. 'ट्रिम' तिला काढत नाही, कारण तिचा क्रमांक 160 आणि साध्या जागेचा 32. तीच जागा कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये टाका आणि तिच्या बदली साधी जागा द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलीत तर शोधूच नका. तिथे दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि 'अ' व 'ब' तुकडीच्या मध्ये शोभेसाठी रिकामी ओळ सोडत असाल तर कृपया सोडू नका. एका चौकटीवर क्लिक करून फिल्टर लावला की तो त्या ओळीपाशीच थांबतो, म्हणजे अख्खी 'ब' तुकडी बाहेर.

काही सहकारी म्हणतात, सगळं इंग्रजीतच भरा. अहो, अश्विनीचं इंग्रजी स्पेलिंग तिच्या वर्गात तीन जणांना विचारा, तीन उत्तरं येतील. शिवाय दाखल्यावर मराठी नाव लागणारच आहे.

मला वाटतं, फाइल वर्गशिक्षकांकडे जाण्याआधीच मुख्याध्यापकांनी प्रवर्ग, तुकडी, गाव हे रकाने 'डेटा व्हॅलिडेशन'ने बांधून द्यावेत. टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं. (वरून पेस्ट केलं तर हे बंधन पुसलं जातं, तेवढं सर्वांना सांगून ठेवा.) मूल शोधायचं ते नावाने नव्हे, जनरल रजिस्टरच्या नंबराने. आणि यादी पाठवण्याआधी प्रत्येक प्रवर्गाची संख्या मांडून बेरीज पटाशी ताडून बघा. पट 43 आणि बेरीज 42 आली, तर ते एक मूल सापडेपर्यंत फाइल पाठवू नका.

पालकहो, तुमच्याकडूनही एक हवंय. प्रवेश अर्जावर मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहा, काना-मात्रेसकट. आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत वर्गशिक्षकांना बिनधास्त विचारा, "आमच्या मुलाची ओळ जरा दाखवता का?" यात कुणी राग मानायचं कारण नाही.